सहाण, तीन मिनिटं बारा सेकंद

३ फेब्रुवारी, सोमवार

गाणं गोठवलं! सकाळी मेल उघडली आणि पुढ्यातला चहा तसाच निवून गेला.

माझ्या 'सहाण'वर दुसऱ्याच कुणीतरी हक्क सांगितलाय. भक्तिगीतांचं कुठलंसं चॅनल, नाव कधी ऐकलेलं नाही. म्हणे आवाज त्यांचा, चाल त्यांची! माझी गाणी सगळ्या अ‍ॅपवर चढवते ती वितरक कंपनी म्हणते – सोबत जोडलेल्या पत्रावर गायकाची सही घेऊन ते तेरा तारखेपर्यंत पाठवा, संगीतकार असेल तर त्याचीही सही घ्या. नाहीतर गाणं सगळीकडून उतरवू. तोवर रॉयल्टी बंद.

संगीतकाराच्या रकान्यात मी तेव्हाच 'पारंपरिक' लिहून मोकळा झालो होतो. ते एक बरं, परंपरेकडे सही मागायला जावं लागत नाही. पण गायक? तिथे मी मोठ्या हुशारीनं लिहिलं होतं – 'अज्ञात'.

अज्ञात गायक आत्ता बाहेरच्या खोलीत धोतराच्या निऱ्या करतायत. मला हाक मारून विचारलंही, "मयुरेश, माझा चष्मा पाहिलास का?"

४ फेब्रुवारी

सगळं नीट लिहून काढतो.

बाबा रोज साडेपाचला देवासमोर गंध उगाळायला बसतात. सहाणेवर चंदनाचं खोड फिरतं – खर्र, खर्र – आणि त्या लयीत ते गुणगुणतात. शब्द नाहीत, नुसती चाल. जन्मल्यापासून ऐकतोय. दिवसभर रामकुंडावर यजमानांना संकल्प सांगून बसलेला त्यांचा घसा त्या वेळी मात्र मऊ असतो. गेल्या श्रावणात मी तीन दिवस दाराआड फोन ठेवला. माझ्या रेकॉर्डिंगवाल्या मित्रानं, अबरारनं, आवाज स्वच्छ करून दिला, मी खाली गिटार वाजवली. सहाणेची खरखर तशीच राहू दिली, तोच ठेका. तीन मिनिटं बारा सेकंद.

आधीच्या माझ्या अकरा गाण्यांना मिळून जेवढे ऐकणारे नव्हते, तेवढे याला एका आठवड्यात मिळाले! लोक गोदाघाटाच्या रीलला लावतात, बारशाच्या रीलला लावतात, कुणी तर मांजरीच्या पिल्लांना लावलं. चार महिने झाले, गंगापूर रोडवरच्या माझ्या गिटार क्लासचं भाडं या एका गाण्यातून निघतंय.

आणि बाबांना मी विचारलेलं नाही. कसं विचारणार? दिवाळीच्या आधी एका यजमानाच्या मुलानं विधी चालू असताना बाबांच्या तोंडासमोर मोबाइल धरला. बाबा संकल्पाच्या मधेच थांबले. "हा आवाज तुमच्या वडिलांसाठी आहे. मोबाइलसाठी नाही." फोन खिशात जाईपर्यंत पुढचा शब्द नाही. हे मला आईनं हसत सांगितलं होतं. मी हसलो नव्हतो. गाणं तेव्हा बाहेर येऊन तीन आठवडे झाले होते.

५ फेब्रुवारी

अबरारकडे गेलो. त्याचा स्टुडिओ म्हणजे इथल्याच द्वारका चौकात त्यांच्या घरावरची खोली. भिंतीला त्याच्या अम्मीच्या जुन्या गोधड्या ठोकल्यात. म्हटलं, गायक म्हणून माझंच नाव टाकू. मी पुन्हा गातो, तू बेमालूम जोडून दे.

त्यानं काही न बोलता गाणं लावलं. एक मिनिट चाळीस सेकंदांवर बाबा खोकतात. तो खोकला आम्ही मुद्दाम ठेवला होता, जिवंत वाटतो म्हणून.

"और ये खोकला किसके नाम पे लिखेगा?"



"भाई, सीधा जा और अब्बा को बोल दे. मारेंगे तो नहीं ना?"

मारलं तर बरंच की! मारणारे नाहीत, हाच तर घोळ आहे.

६ फेब्रुवारी

शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच करायचो. सातवीपर्यंत कधी पकडलो गेलो नाही. 'गंगाधर'मधला अनुस्वार ते टिंबासारखा देत नाहीत, बारीक रेघ मारतात.

आज क्लासमध्ये दोन बॅचच्या मधल्या वेळात अकरा वेळा करून बघितली. नववी तर अगदी हुबेहूब! ती बघून इतका घाबरलो की सगळे कागद फाडले. घरी न नेता क्लासच्याच डब्यात टाकले. मग कचऱ्याची गाडी येईपर्यंत खाली फाटकाशी उभा राहिलो. एकोणतीस वर्षांचा घोडा!

७ फेब्रुवारी

आजही बोललो नाही. सहा दिवस उरले.

८ फेब्रुवारी, शनिवार

हेडफोनची पिन सैल होती. 'सहाण'चा शेवट खणखणीत स्पीकरवर वाजला! बाबा घाटावर होते म्हणून वाचलो. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला. मी धडपडत बंद करेपर्यंत गाणं संपलंच होतं. आई दारात. हाताला पीठ.

"पुढचं कुठंय?"

"पुढचं कसलं?"

"इथं संपत नाही ते. अजून एक ओळ आहे."

म्हटलं, बाबा तिथेच थांबतात, तेवढ्यात गंध होतं तयार. मी ऐकलंय ते एवढंच.

"हो. ते तिथेच थांबतात," ती म्हणाली आणि परत ओट्याशी गेली. आतूनच विचारलं, "यांना माहितीये?"

मी सगळं सांगितलं. पत्र, तेरा तारीख, सही. मला वाटलं रागावेल. ती फक्त म्हणाली, "नाव काय ठेवलंस त्याचं?"

"सहाण."

"सहाण!" हसली. मग म्हणाली, "सांगून टाक रे यांना. बाहेरून कळलं तर जास्त लागेल."

तीस वर्षं पोळ्या लाटता लाटता ऐकतेय. पूर्वी बाबा आणखी एक ओळ म्हणत असतील, तिच्या लक्षात राहिली असेल. उद्या सांगतो. नक्की.

९ फेब्रुवारी, रविवार

बाहेरूनच कळलं.

दुपारी जेवताना बाबा वरणभात कालवत म्हणाले, "आज एका यजमानानं मला मीच ऐकवला."

आई ताटात बघत राहिली.

"अकोल्याचे लोक. मुलगी म्हणाली, गुरुजी, अगदी तुमच्यासारखा आवाज आहे, ऐका. मी म्हटलं, असेल कुणाचा तरी. मग खोकला आला." भात तसाच. "खोकला माझा आहे."

मी भडाभडा सगळं ओकलो. दाराआडचा फोन, अबरार, 'अज्ञात', रॉयल्टी, पत्र. सह्या गिरवल्या तेही! ते कशाला सांगितलं कोण जाणे, पण सुरुवात केल्यावर थांबवेना. बाबा ओरडले नाहीत. हात धुऊन आले आणि म्हणाले, "कागद दाखव."

पंचांग वाचतात तसं ओळीवर बोट ठेवून अख्खं पत्र वाचलं. दोनदा. एका ठिकाणी बोट बराच वेळ थांबलं. मग घडी घालून पंचांगातच ठेवलं.

"बघतो."

एवढंच. "बघतो" म्हणजे काय?

१० फेब्रुवारी

आज बाबा गुणगुणले नाहीत.

साडेपाचला जाग आली, पडून ऐकत होतो. खर्र, खर्र, खर्र. बस. आजारपणातसुद्धा असं कधी झालेलं नाही. ताप असला तरी गुणगुणायचे. मी उशीत तोंड खुपसून रडलो, लिहायला लाज कसली. कुणाच्या तरी रीलला आवाज पुरवला आणि आमच्या घरातला घालवून बसलो.

११ फेब्रुवारी

आजही नुसती खरखर.

अबरारचा फोन. "अब्बा क्या बोले?" म्हटलं, काहीच नाही, गप्प आहेत. "तो रुक ना. 'नाही' तो नहीं बोले."

याचं बरं आहे, याच्या घरात कुणी गप्प बसत नाही!

गाणं मीच काढून टाकतो अशी मेल कंपनीला लिहून ठेवलीय. पाठवलेली नाही. भाडं जाऊ दे, गाणं जाऊ दे. सकाळी घर पूर्वीसारखं वाजू दे, एवढंच हवंय मला आता.

१२ फेब्रुवारी, माघी पौर्णिमा

रामकुंडावर तुडुंब गर्दी. बाबा पहाटे चारला गेले ते तीनला आले, घसा पार बसलेला. जेवण झाल्यावर दोघं स्वयंपाकघरात, दार लोटलेलं. इतक्या वर्षांत ते दार कधी लोटलेलं पाहिलं नाही.

चोरून ऐकलं. सवयच लागलीय मला! बाबांचा घोगरा आवाज, शब्द कळेनात. मग आई – "आता कशाला ते?" मग बाबा – "आता नाही तर कधी?"

आपल्याला घराबाहेर काढतायत की क्लास बंद करायला सांगतायत, हा विचार करत गच्चीवर चकरा मारल्या. एकवीस.

१३ फेब्रुवारी

पत्र देवासमोर होतं, सहाणेखाली दाबून ठेवलेलं. गायकाच्या रकान्यात 'अज्ञात' खोडून बाबांनी नाव घातलंय, पुढे सही, अनुस्वाराच्या जागी बारीक रेघ. त्याखाली संगीतकार. तिथलं माझं 'पारंपरिक' एका रेघेत खोडलेलं. वर पत्रिका लिहितात तसल्या ठसठशीत अक्षरात – सौ. सुधा गंगाधर अकोलकर. सहीची जागा कोरी.

"लग्नाआधी बसवलेली चाल आहे तिची, सटाण्याला," बाबा म्हणाले. "मला तेवढीच येते."

पेन घेऊन आईकडे गेलो. तिनं कढई उतरवली, गॅस बंद केला.

"आधी राहिलेली ओळ घे," म्हणाली. "मग सही."