हिरव्या पाण्याचा खरा आकडा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, जलाशय संशोधन केंद्रातून निवृत्त, हे माझे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. दबावाखाली जे लिहायचे ते नोकरीत असतानाच लिहून झाले.

१. राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मुलीला. मोरीचा नळ डावीकडे फिरवल्यावर बंद होतो, हे जावयांना तिसऱ्यांदा सांगतो आहे.

२. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणासाठी. तिने पाण्याचाच अभ्यास करावा असा आग्रह नाही. करू नये, असेही म्हणवत नाही.

३. पाण्याची पारदर्शकता मोजायची काळी-पांढरी तबकडी, दोरीसह, केंद्राला परत. आमच्या माजी संचालकांनी फोटोसाठी हातात घेऊन ती तळाशी घालवली होती. मी बुडी मारून काढली. त्यांच्यावर माझा राग नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. पण खालच्या कलमातले पाप त्यांच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही.

४. सतरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, शहर ज्या जलाशयाचे पाणी पिते, तो हिरवा पडला. केंद्रात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून शेवाळाच्या पेशी मोजणाऱ्या एक बाई होत्या. आम्ही त्यांना मोजणीताई म्हणत असू. विषारी शेवाळाचा त्यांचा आकडा सलग तीन आठवडे धोक्याच्या वर होता. संचालक म्हणाले, "पाणी बंद केलं तर लोक आपल्याला फाडून खातील. पुन्हा मोजा." मी स्वतः मोजले. आकडा तोच आला. तरी अहवालात मी लिहिले : 'मोजणी सदोष. पाणी पिण्यास योग्य.' त्या ओळीने ताईंची नोकरी गेली. निघताना त्यांनी दारात विचारले, "सर, खरंच चुकले का हो मी?"

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

त्याच संध्याकाळपासून मी बहिणीच्या विहिरीचे पाणी कॅनने घरी आणू लागलो. अकरा आठवडे आणले. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी जिन्यात विचारले, "भाऊ, एक कॅन आमच्यासाठीही आणाल का? नळाच्या पाण्याला वास येतोय." बोभाटा होईल म्हणून मी हसून म्हणालो, "वहिनी, आमच्या हिला चवीचं खूळ आहे. नळाचं पाणी उत्तम आहे. मी स्वतः तपासलंय." पुढच्या महिन्यात त्यांची सहा वर्षांची मुलगी यकृताच्या दुखण्याने दवाखान्यात गेली. दोन महिन्यांनी घरी आली, पण पुरती बरी कधीच झाली नाही. ते पाण्यामुळेच झाले हे मला सिद्ध करता येणार नाही. त्यासाठी लागणारे नमुने मी स्वतःच्या हाताने मोरीत ओतले. बायकोने ते पाहिले होते. त्यानंतर मी आणलेला कॅन तिने कधी उचलून आत नेला नाही.

५. हा सगळा कबुलीजबाब दोन पत्रांत लिहून ठेवला आहे : एक केंद्राला, एक शिंपीणबाईंना. माझ्या मृत्यूनंतर मुलीने ती पोचवावीत. माझा सूक्ष्मदर्शक मोजणीताईंना द्यावा.

कलम ५ रद्द. कारण असे : साक्षीदार व्हाल का, असे विचारायला मी आज ताईंना बोलावले. त्यांनी हा कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, "सूक्ष्मदर्शक नको मला. आणि पत्रं मेल्यावर कशाला? तेव्हा तुम्हाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही म्हणून?"

मी पेन त्यांच्यापुढे सरकवले.

"आधी पत्रं. मग सही."

केंद्राचे पत्र मुलीने टपालात टाकले. दुसरे घेऊन मी स्वतः खाली गेलो. शिंपीणबाईंनी मशीन थांबवले, उभ्यानेच वाचले, आणि दार लावून घेतले. मी वर आलो, तेव्हा ताई पेन उघडून बसल्या होत्या.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : नऊ फेब्रुवारी, दुपारी

लिहून देणार : (सही)
साक्षीदार १ : (सही) शेजारचे डॉक्टर
साक्षीदार २ : (सही) शेवाळ मोजणी, जलाशय संशोधन केंद्र