ड्रमकिल स्टेशनच्या विटा

मंगळवार, ७ मे
बाई आलीच. अ‍ॅट्रॅक्टा गिलमर— विधवा, शाळेत चित्रकला शिकवायची. आता आमच्या लीट्रिम परगण्यातल्या व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या, जपायच्या इमारतींची यादी करतेय. "तुमचं स्टेशन बघायचंय." म्हटलं, लवकर बघा, शनिवारी पाडतोय. मी सात वर्षांचा असताना गाडी बंद झाली, तेव्हापासून हे नुसतं आमचं राहतं घर. छप्पर गळतं. एकट्याला छोटं नवं घर पुरे.
तिचा चेहरा पडला. चहा दिला. तीन कप प्यायली.

बुधवार, ८ मे
परत हजर. शिडी घेऊन! वेटिंग रूमच्या भिंतीवरचा चुना खरवडू का म्हणे. "पाडायचंच आहे ना, मग तुमचं काय जातंय?" शिडी मीच धरली.
चुन्याखाली विटांची नक्षी निघाली. एक पिवळी, एक तांबडी, एक काळी— कमानीपर्यंत. माझा जन्म इथला. वडिलांनी याच भिंतीला टेकून तिकिटं दिली. आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

गुरुवार, ९ मे
धो धो पाऊस. तरी आली.

शुक्रवार, १० मे
शेजारचा मॅलकी कुंपणावरून, "काय रे फर्गल, पाडायच्या घराला आंघोळ घालतोयस?" म्हटलं, बडबड नको, ब्रश घेऊन ये. आला. त्याच्या बायकोने सोडा ब्रेड पाठवला. अंधार पडेपर्यंत अख्खी भिंत मोकळी. तिघेही नखशिखांत पांढरे. इतकं हसलो कधी होतो?
निघताना बाई म्हणाली, "यादीत गेलं की एक वीटही मनाने हलवता येणार नाही. नीट विचार करा."

शनिवार, ११ मे
घर पाडणारा माणूस यंत्र घेऊन आला. हात वर करून फाटकात उभा राहिलो. शिव्या देत गेला. बाईला फोन केला— घाला यादीत. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

बुधवार, २२ मे
यादीसाठी मोजमापं अजून चालूच. आज खिडक्या. कालही खिडक्याच होत्या. टेपचं एक टोक मी धरतो. छपराला माणूस मिळाला.

सोमवार, २७ मे
परगण्याच्या कचेरीचं पत्र. स्टेशन यादीत आलं. खाली लिहिलंय— श्रीमती गिलमर यांचा संपूर्ण अहवाल, मोजमापांसह, १३ मे रोजी मिळाला.
तेरा मे!
दुपारी येईलच मोजायला. पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली.