सोय समिती

२९ जानेवारी १९८६

प्रिय चांगुणा,

पाकिटावरचा टपालाचा शिक्का पाहून गोंधळू नकोस. तो नाशिकचा का नाही, ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू बाकीचं पत्र वाचायची नाहीस, छकुलीला काखोटीला मारून सरळ एस.टी. स्टँड गाठशील. तिची सर्दी उतरली का? तुझ्या आई सुलाबाई ओव्याच्या पुरचुंडीने शेकत होत्या, ते चालू ठेव. मी मघापासून लिहायला बसते आहे आणि उठते आहे. चार ओळी लिहिते, दारापर्यंत जाते, बाहेर बघते, परत येते. वारा असा आहे की कागदावर दगड ठेवावा लागतो. अक्षर तिरकं गेलं तर समजून घे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बर्नाडेटनी पाहिलं असतं तर या वयातही बोटांवर पट्टी बसली असती.

त्या दिवशी निफाडला तुझ्या माहेरी आले होते, तेव्हा तू हळूच विचारलंस, "ताई, खात्याचं पत्र आलं का?" आणि मी छकुलीचं नाक पुसत बसले. पत्र आलं होतं. माझ्या पर्समध्येच होतं. कळवणच्या पुढे जे मातीचं धरण चालू आहे, तिथल्या छावणीवर महिला अभियंत्यांसाठी स्वतंत्र सोय बांधून पूर्ण झाली आहे, तरी तिथे जाण्यास तयार असलेल्या महिला अभियंत्याचं नाव आपल्या महिला अभियंता मंडळाने महिनाअखेर कळवावं. नाव न आल्यास मंडळाची मागणी निकाली निघाली असं समजण्यात येईल. इतकी वर्षं आपण दार ठोठावलं, आणि आता ते उघडून म्हणतात, या, कोण येतंय?

त्याआधीच्या शनिवारच्या सभेत मंगलाबाईंनी ते वाचून दाखवलं. नेहमीचाच शाळेचा वर्ग, तेच बुटके बाक, गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या आपण सगळ्या. वाचून झाल्यावर जी ती बाकावर पोरांनी कर्कटकाने कोरलेली नावं वाचायला लागली. मग एकेक सुरू झालं. एकीच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, एकीची मुलगी दहावीला, एकीच्या मिस्टरांची बदली नुकतीच नाशिकला झालेली. कारणं खोटी नव्हती गं. एकही खोटं नव्हतं, म्हणूनच मला राग काढायला जागा राहिली नाही. शेवटी सगळ्यांच्या माना तुझ्या रिकाम्या बाकाकडे वळल्या. मंगलाबाई म्हणाल्या, "चांगुणाच जाईल. सोय समिती तिची, ड्रॉइंग तिचं. रजाही संपतेच आहे. ताईंनी एक पत्र टाकावं, ताईंचा शब्द ती खाली पडू द्यायची नाही." ठराव झाला. अनुमोदन मिळालं. अध्यक्षांनी चांगुणाला पत्र लिहून तयार करावं. तर हे ते पत्र.

तू मंडळात आलीस ती एकोणऐंशी साली, त्याआधीची एक गंमत तुला कधी सांगितली की नाही आठवत नाही. पंचाहत्तर साली मंडळ काढलं तेच मुळी एका ताटावरून. पुरुष अभियंत्यांच्या संस्थेत आम्हा चौघीपाचजणींना दर वर्षी एकच काम, स्वागत समिती. भरजरी नेसून दारात उभं राहायचं, गुलाबपाण्याचा शिडकावा करायचा, पाहुण्यांना गुच्छ द्यायचा. आत पुलाच्या पायांवर भाषण चालायचं आणि आम्ही बाहेर पेढ्यांच्या ताटावरच्या माश्या वारायच्या. म्हणून आपल्या मंडळाचा पहिला नियम केला की इथे व्याख्यान समिती असेल, सभासद समिती असेल, पण स्वागत समिती मेली तरी नसेल. पहिल्याच व्याख्यानाला मुंबईहून एक मोठ्या बाई बोलावल्या. दारात कुणी उभं राहायचंच नाही, असा आमचा बाणा. त्या बिचाऱ्या आल्या आणि शेजारच्या वर्गात तबल्याचा क्लास चालू होता तिथे जाऊन बसल्या. आम्ही इकडे ताटकळतोय, त्या तिकडे ताल धरून बसल्यात. मास्तरांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मला वाटलं, आधी स्वागतगीत असेल." केवढ्या हसल्या होत्या मग! तरी नियम आपण बदलला नाही.

सोय समितीचं नाव मात्र माझं. आणि ते तसं का ठेवलं हे तुला ठाऊक आहे, तू त्यावरून मला पुष्कळ चिडवलंयस. कॉन्व्हेंटमध्ये आम्हांला "मे आय बी एक्सक्यूज्ड, सिस्टर" एवढंच म्हणायला शिकवलं. जायचं कुठे, हे चांगल्या मुलीने बोलायचं नाही. मी सत्तावन्न साली पाटबंधारे खात्यात लागले तेव्हा मोठ्या साहेबांकडे जाऊन म्हटलं, मला साइटवर पाठवा. ते म्हणाले, "बाई, तिथे तुमची सोय नाही." मला कळलं ते काय म्हणतात ते, त्यांनाही कळलं मला काय कळलं ते, आणि दोघंही टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो. त्या न उच्चारलेल्या एका शब्दावर माझी सगळी नोकरी नाशिकच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली. सोय नाही म्हणून साइट नाही, साइटचा अनुभव नाही म्हणून बढती नाही. धरणं मी काढली, कागदावर. त्यांच्या सांडव्यांची वळणं मला अजून डोळे मिटून काढता येतील. पण पाहणीला वर्षातून एकदा जीपमधून जायचे, त्या दिवशी पहाटेपासून पाण्याचा थेंब घ्यायचे नाही. घरी येईपर्यंत डोकं ठणकायचं. सगळे म्हणायचे, यशोदाबाईंना उन्हाचा त्रास होतो.

आणि तू! तू पहिल्यांदा आमच्याबरोबर आलीस तेव्हा खांद्याला ही एवढी पाण्याची बाटली, आणि घटाघटा पीत होतीस. मला तुझीच काळजी वाटत राहिली. जीप अर्ध्या वाटेत थांबवायला लावून तू सरळ ज्वारीच्या शेतात गेलीस, आणि येऊन ड्रायव्हरला म्हणालीस, "चला." मी लाजेने मेले होते. घरी आल्यावर मात्र आरशासमोर उभी राहून एकटीच हसले.

साहेबांच्या केबिनमधली ती भेटही अशीच. मी माझ्या नेहमीच्या भाषेत चाचरत होते, की महिलांसाठी काही आवश्यक सुविधा, योग्य ती व्यवस्था. साहेब म्हणाले, "अहो, साइटवर बायकाच नाहीत, तर व्यवस्था कुणासाठी करू?" तू मध्येच म्हणालीस, "बायका नाहीत कशा, साहेब? निम्म्या पाट्या बायकाच वाहतात. माझ्या आईने गंगापूरच्या धरणावर माती वाहिली, तिला काय तुम्ही पुरुषांत धरलं होतं का? एवढं धरण बांधता, एक संडास बांधता येत नाही?" तो शब्द त्या केबिनमध्ये असा पडला, जसा काही छतातून सुरुंगाचा दगड आला. पण साहेब हसले, आणि म्हणाले, "ड्रॉइंग द्या." तू पोटुशी असताना बसून काढलेलं ते ड्रॉइंग अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. उंचावर झरोका, आतच नळ, दार बाहेरून दिसणार नाही अशी आडभिंत. किती जीव लावून काढलं होतंस!

म्हणून निफाडला आले ती खरं तर तुला समोरासमोर विचारायलाच. तू विचारलंस तेव्हाच समजलं, की एक शब्द बोलले तर ही पोर उद्या बॅग भरेल. तुझ्या डोळ्यांत ते लख्ख होतं. छकुली तुझ्या पदराखाली चुरूचुरू पीत होती आणि तू माझ्या चेहऱ्यावर खात्याचं पत्र शोधत होतीस. निघताना सुलाबाई मला रस्त्यापर्यंत पोचवायला आल्या. त्यांनी ओळखलं होतं. द्राक्षांची पिशवी हातात देत म्हणाल्या, "ताई, न्यायची तर न्या तिला. मी आडवी येनार नाय. पोरीला मी संभाळीन. पन वरचं दूध ती तोंडाला लावून घेत नाय, अंगावरचं मी कुठून आनू?" एस.टी.त बसले ती मांडीवरची द्राक्षं चिरडेपर्यंत घट्ट धरून.

ते दिवस फार वाईट गेले, चांगुणा. घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचे. तुझं नाव लिहिलं तर छकुलीचं दूध तोडून घेतल्यासारखं, नाही लिहिलं तर सगळं निकाली. उद्या कुठलीही मुलगी साइट मागायला गेली की म्हणणार, सोय केली होती, कुणी आलंच नाही. दुसरं नावच नव्हतं. एका सकाळी ह्यांच्यासाठी भाकरी थापत होते आणि तवा तापून धुरकटला तरी माझे हात परातीतच. हे दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, "काय झालं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं की मी साइटवर जाते. ते म्हणाले, "या वयात? त्या गुडघ्यांनी?" मी भाकरी तव्यावर टाकली. मग तेच थोड्या वेळाने आतून मोठा टॉर्च घेऊन आले, त्याचे सेल दाबून पाहिले आणि म्हणाले, "हा राहू दे जवळ. तिकडे विंचू असतात म्हणे."

तर तो शिक्का कळवणचा आहे. मंडळाकडून माझंच नाव गेलं, आणि गेल्या सोमवारपासून मी इथे आहे. दाराबाहेर धरणाची भिंत दिसते, माती ओतणारे डंपर दिसतात, म्हणून तर लिहिता लिहिता सारखी उठते आहे. कागदावर जी रेघ मी एका झटक्यात ओढायचे ती चालत जायला माझे गुडघे किती कुरकुरतात ते आता कळतंय. पण आल्या आल्या तुझी सोय बघायला गेले. चांगुणा, तू हसशील की रडशील कोण जाणे. तुझ्या ड्रॉइंगबरहुकूम उभी आहे, झरोका, आडभिंत, सगळं. आणि आत छतापर्यंत सिमेंटच्या गोण्या! स्टोअरकीपर म्हणाला, "मॅडम, पूर्ण साइटवर हेच एक छप्पर गळत नाही. आणि खरं सांगू का, कुणी बाई येईल असं आम्हांला वाटलंच नव्हतं." दाराला कडी होती, पण बाहेरून. आतून नाहीच. गोण्या काढवल्या. सुतारकामाला सहादू आहे, त्याला म्हटलं, आतून कडी लाव. तो डोकं खाजवत म्हणाला, "आतून? गोदामाला आतून कडी कशापायी?" आणि मी, सिस्टर बर्नाडेटची यशोदा, छावणीतल्या सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "सहादू, हा संडास आहे." सहादूने मान खाली घालून खिळे मोजायला घेतले. मला मात्र असं मोकळं वाटलं! मग तांब्याभर पाणी प्याले, तिथेच उभ्या उभ्या.

आणि आता हे पत्र कशासाठी, ते. ठरावाप्रमाणे तुला तयार करायचं होतं, तर हो, तयार हो, पण इकडे यायला नाही. परवा सकाळी कडी सरकवून बाहेर आले तर आडभिंतीपाशी साळूबाई उभी. पाटी वाहणाऱ्यांतली, चांदवडकडची. पदर तोंडावर धरून म्हणाली, "बाई, आमी गेलो तर चालंल का? नाला लय लांब हाय, आन् गडी मान्सं बसत्यात वाटंवर." मी म्हटलं, जा. ती गेली, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. आज सकाळी उठले तर आडभिंतीपासून पार पाण्याच्या टाकीपर्यंत बायकांची रांग. माझा नंबर लागेना! एकाने भागणार नाही, चांगुणा. आपण दोघींनी मागताना फार थोडं मागितलं. मंडळाचं अध्यक्षपद मी मंगलाबाईंकडे देऊन आले, पण सोय समिती कुणाला दिलेली नाही, ती तुझीच. छकुली झोपली की पेन्सिल घे आणि तेच ड्रॉइंग पुन्हा काढ, या सगळ्यांना पुरेल असं, रांगेने जोडलेलं. सुलाबाईंना शेजारी बसव आणि विचार, गंगापूरला त्यांना काय काय हवं होतं. कड्या मात्र सगळ्या आतून दाखव, ठळक रेघेने. तू येशील तेव्हा ये, छकुलीचे दात आल्यावर, ती पळायला लागल्यावर. तोवर इथली जागा मी धरून ठेवते. ड्रॉइंग पाठवायला मात्र उशीर करू नकोस. इथे रांग खोळंबली आहे.

तुझीच, तहान लागली की पाणी पिणारी,
यशोदाताई