पहिली चक्कर

प्रिय मृणाली,

हे पत्र शेजारच्या कुंदनच्या हाती देतो आहे. तो दुपारच्या एसटीने धुळ्याला येतोय, तुझ्या खोलीवर आणून देईल. उद्या पिंपळनेरला निघण्याआधी ते पुरतं वाच. सकाळी फोनवर मी म्हणालो, गाडीची चेन थोडी सैल करून घे. तू म्हणालीस, "नाना, मागच्या महिन्यात ढिली होती, आता घट्ट झाली? एकदा काय ते ठरवा, मग सांगा," आणि फोन ठेवलास. तुझं चुकलं नाही. मला पुढे बोलायचं होतं, पण फोनवर माझं तोंड ऐन वेळी हवापाण्यावर जातं, हे तुला माहीत आहे. कागदावर खोडता येतं, म्हणून कागद घेतला.

तू गाडी घेऊन आलीस तो रविवार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. एकटी, धुळ्याहून पारोळ्यामार्गे थेट भडगाव. आधी विहारासमोर गाडी लावून वंदना करून आलीस, मग गल्लीत. हँडलला झेंडूचा हार, हेल्मेटच्या आत केस ओले. समोरची धुरपदाबाई ओट्यावरून ओरडली, "पोर गाडी लई उनी, आते बाप चक्कर मारी!" पेढे वाटून झाले आणि तू चावी माझ्यापुढे धरलीस. पहिली चक्कर घरातल्या मोठ्या माणसाने मारायची, आपल्या गल्लीत असंच चालत आलंय. मी चावीकडे नुसता बघत राहिलो. तुझी आई हळूच म्हणाली, "ल्या ना चावी, हात भाजस का?" तिला सगळं ठाऊक होतं. मला सोडवायला ती थट्टा करत होती, आणि मी तिच्यावरच डोळे वटारले.

मग मी काय केलं ते तू पाहिलंस. खाली बसलो, टायर दाबले, ब्रेकची दांडी हलवली, चेनला बोट लावलं. चेन ढिली आहे, शोरूमवाल्याने तुला फसवलं म्हणालो, अशा गाडीवर मी बसत नाही म्हणालो, आणि वर विचारलं की चालवायला शिकवलं कुणी. तू हरखून सांगितलंस, ऑफिसातल्या मेघाने, रोज काम सुटल्यावर. त्यावर मी सगळ्या गल्लीसमोर बोललो, "म्हणजे शिकवायला माणूस लागला." तू हार काढलास, सीटवर ठेवलास, परत उचललास आणि आईच्या हातात दिलास. जेवलीसुद्धा नाहीस. गावोगाव फिरायच्या नोकरीसाठी, स्वतःच्या कमाईतून घेतलेली पहिली गाडी. तिच्यावर तिच्या बापाने एक चांगला शब्द टाकला नाही.

मी सायकल वापरतो ती तब्येतीसाठी, असं गावात सगळे समजतात. मी कधी दुरुस्त केलं नाही. खरं असं आहे की मला मोटरसायकल येत नाही. शिकायच्या वयात घरी गाडी नव्हती. पुढे विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी भरण्याचं काम हाती आलं. जळालेली मोटार उघडायची, तारेचे वेढे मोजायचे, नव्या तारेने तसेच भरायचे. कुणाच्या हाताखाली न बसता शिकलो, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतही राहिलो. एकदा माणूस असा मिरवायला लागला की मग कुणाला म्हणणार, बाबा रे, मला गिअर टाकायला शिकव?

तू गेल्यावर मी तोतारामची जुनी गाडी विकत घेतली. त्याला सांगितलं, इंजिन उघडून बघायचंय. उघडलंही. क्लचच्या प्लेटा आत कशा सुटतात, कशा चिकटतात, हे मी आता डोळे मिटून सांगेन. पण पहाटे बाजाराच्या मैदानावर नेली, की क्लचवरचा हात सोडल्याबरोबर गाडी उडी मारते आणि बंद पडते. परवा बाभळीच्या कुंपणात गेलो. तुझी आई दुधाची किटली घेऊन तिकडून चालली होती. तिने माझ्या पाठीतले काटे काढले आणि पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, "पोरले इचारा ना, तिले येस."

हे सगळं मी तू पुढे कधी आलीस की बोलता बोलता सांगितलं असतं, किंवा नसतंही. पण काल तुझ्या आईने तुम्हा दोघींचं फोनवरचं बोलणं सांगितलं. धुळ्याचा मेकॅनिक म्हणत होता की चेन बरोबर आहे, घट्ट करू नका. आणि तू त्याच्याशी भांडलीस. "माझ्या वडिलांनी पाहिलीय, त्यांचं माप चुकत नाही," म्हणालीस आणि उभं राहून चेन घट्ट करून घेतलीस. आता मागून आवाज येतो, असंही म्हणालीस. मी इतकं बोलून गेल्यावरही तू माझा शब्द तिथे लढवलास. मृणाली, चेन ढिली नव्हती. मी बोट लावलं तेव्हा चेनला जेवढा खेळ, म्हणजे सैलपणा, हवा तेवढाच होता, मला तो तिथेच कळला होता, आणि चावी हातात घ्यावी लागू नये म्हणून मी दुप्पट सांगितला. धंद्यात मी कुणाला खोटं माप दिलं नाही. दिलं ते तुला. अशी ताणलेली चेन खड्ड्यात तुटते आणि चाकात अडकते. उद्या त्या गाडीवर निघू नकोस. आधी त्याच मेकॅनिककडे जा, त्याच्या हिशोबाने सैल करून घे, आणि त्याला सांग, वडील खोटं बोलले होते. माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

पहिली चक्कर अजून बाकी आहे. येत्या रविवारी ये. गल्लीतूनच निघू, धुरपदाबाई ओट्यावर असतानाच. तू पुढे, मी मागे, गिरणेच्या पुलापर्यंत. येताना मैदानावर थांबव आणि मला क्लच सोडायला शिकव. ओरडलीस तरी मी ऐकून घेईन.

तुझाच, मागे बसायला तयार असलेला,
नाना