साखरपुडा आणि कमानीत अडकलेला टँकर

घाटकोपर (पश्चिम),
रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर

तीर्थरूप धोंडूमामा आणि शेवंतीमामी यांना लवूचा साष्टांग नमस्कार.

मामा, गुडघा कसा आहे? फोनवर विचारलं की तुम्ही "बरो आसा" एवढंच म्हणून फोन मामींकडे देता, आणि मामी तो हातात घेऊन गोठ्यात जातात. मग मला बराच वेळ फक्त म्हशीचा आवाज ऐकू येतो. म्हणून पत्र लिहायला बसलो. (शुभाचं म्हणणं वेगळं आहे. पत्रात मला मध्ये तोडणारं कोणी नसतं, म्हणून मला पत्र आवडतं, असं तिने आत्ताच मला मध्ये तोडून सांगितलं.) मामींच्या दम्याचं औषध संपत आलं असेल तर कळवा, इथून पाठवतो. तुम्ही पाठवलेले फणसाचे गरे तळून झाले, खाऊन झाले, आणि शेजारी वाटायचे राहून गेले.

आमच्या जान्हवीचा साखरपुडा चांगला पार पडला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुमचा जीव मध्येच वरखाली होईल आणि मामी पत्र तसंच ठेवून देवापुढे दिवा लावायला जातील. साखरपुडा झाला, अंगठ्या बोटांत गेल्या, मंडळी पोटभर जेवली, आणि जावईबापू देवव्रत हे माणूस म्हणून सोन्यासारखे आहेत. आता कसं कसं झालं ते ऐका.

तुम्हाला माहीतच आहे, मे महिन्यात मुंबईतला माणूस पेपर उघडला की आधी तलावांचा साठा बघतो. भातसा किती, तानसा किती, वैतरणा किती. आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी लिफ्टमध्ये कोणी भेटलं तर तब्येतीची चौकशी नंतर, आधी तानसाची. यंदा कपात लागू झालीच होती. त्यात साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मोठ्या जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार, अशी सूचना आली. आम्ही तयारीत होतो. शुभाने घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवलं. पिंप, बादल्या, कुकर, इडलीपात्र, एवढंच काय, माझ्या ऑफिसच्या निरोप समारंभात मिळालेला पितळी चषकसुद्धा. पण सकाळी उठून बघतो तर दुरुस्ती लांबलेली आणि नळ कोरडा. वर गच्चीवर मांडव घातलेला, आचारी आलेला, आणि आचाऱ्याच्या हाताखालच्या बाईंनी आमच्या साठ्यातलं उरलेलं पाणी कोथिंबीर धुण्यात संपवलेलं. (कोथिंबीर मात्र अतिशय स्वच्छ होती.)

मी सेक्रेटरींकडे धावलो. आमचे सेक्रेटरी चंद्रप्रकाशजी, तळमजल्यावर राहतात, मूळचे कानपूरचे, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध बोलतात. भल्या स्वभावाचे आहेत, पण सोसायटीच्या बाबतीत हळवे. गेल्या वर्षी त्यांनी पुढाकार घेऊन फाटकावर कमान बांधली. वर 'शुभसंकेत' अशी अक्षरं आणि दोन्ही बाजूंना हत्ती. आणि त्याच उत्साहात मागच्या भिंतीतलं छोटं दार कुलूप लावून बंद केलं. भिंतीपलीकडे टेकडीवरची चाळ आहे. तिथल्या बायका स्टेशनकडे जायला आमच्या आवारातून जायच्या, ते बंद झालं. तेव्हापासून चाळीतली माणसं आमच्याकडे बघून फारशी हसत नसत, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

चंद्रप्रकाशजींनी दहा ठिकाणी फोन केले. सगळ्या घाटकोपरला त्या दिवशी टँकर हवा होता. शेवटी एक मिळाला, पण दुपारपर्यंत येईल असं कळलं. आचारी म्हणाला, पाण्याशिवाय मी फक्त पापड भाजू शकतो. शुभा कोरडं पातेलं पुसत बसली. ती कोरडी भांडी पुसायला लागली की मला जास्त भीती वाटते. जान्हवी एका खोलीत केसांना फुलं लावून बसली होती आणि दर पाच मिनिटांनी दार किलकिलं करून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मामा, खरं सांगतो, मुलीने असं बघितलं की बाप पाण्याच्या आधी स्वतः आटतो.

अशा वेळी सुलक्षणाताई आल्या. त्या टेकडीवरच्या चाळीत राहतात आणि ब्लाउज शिवतात. जान्हवीचा ब्लाउज द्यायला आल्या होत्या, तोही टेकडीला पूर्ण वळसा घालून, कारण दार बंद. त्यांनी स्वयंपाकघरात एक नजर टाकली, शुभाचं तोंड बघितलं, आणि विचारलं, "भात टाकलाच नाही अजून?"

शुभाला रडू आलं. सुलक्षणाताईंनी ब्लाउज तिच्या हातात दिला, मागच्या खिडकीत गेल्या आणि टेकडीकडे तोंड करून एकच हाक मारली. थोड्या वेळाने भिंतीवरून हंडे यायला लागले. पलीकडे बायकांची रांग, भिंतीवर एक धिप्पाड बाई बसलेली, अलीकडे मी आणि चंद्रप्रकाशजी. चाळीची लाइन वेगळी, तिथे पाणी पहाटे येतं आणि जेमतेम घर भरेल एवढंच येतं. म्हणजे त्या बायका आम्हाला त्यांचा अख्खा दिवस काढून देत होत्या. मी म्हटलं, ताई, तुमचं काय होईल? त्या म्हणाल्या, "आमचं होतं रोज काहीतरी. तुमचा साखरपुडा रोज आहे का?" चंद्रप्रकाशजी हंडा धरून उभे होते. ते भिंतीतल्या त्या बंद दाराकडे बघत राहिले, मग हंडा खाली ठेवून घरात गेले आणि किल्ली घेऊन आले. कुलूप गंजलेलं निघालं. शेवटी दगडाने फोडावं लागलं, तेही भिंतीवरच्या बाईने फोडलं.

भात शिजला, वरण झालं, आणि मग एकदाचा टँकर आला. ड्रायव्हरचं नाव कुंडलिक. त्याने कमानीखालून टँकर असा काही अलगद आत घेतला की आम्ही टाळ्या वाजवल्या. खालच्या टाकीत पाणी सोडलं. धबाधबा पाणी पडत होतं आणि सगळी सोसायटी गॅलरीत उभी राहून एखादं नाटक बघावं तशी बघत होती. मी कुंडलिकला सरबत दिलं. तो घाईत होता, कारण पुढची खेप एका प्रसूतिगृहाची होती आणि तिथून सारखे फोन येत होते. त्याने टँकर वळवला, फाटकाशी आणला, आणि कमानीत अडकला.

मामा, तुम्ही म्हणाल, आत आला तो बाहेर का जाईना? आम्हालाही हाच प्रश्न पडला. भरलेला टँकर वजनाने खाली दबलेला असतो. रिकामा झाला की स्प्रिंगा वर येतात आणि तो उंच होतो. (जेवल्यावर आपण बसतो, हा जेवण उतरलं की उठून उभा राहतो.) मागच्या झाकणाची लोखंडी कडी कमानीला खालून भिडली, बरोबर 'शु'च्या खाली. पुढे जाईना, मागे येईना. चाकांतली हवा काढून बघितली. टँकर खाली आला, तरी दोन बोटं कमी पडली. आणखी हवा काढली तर गाडी चालणार नाही, असं कुंडलिक म्हणाला.

मग आमच्यात वाद सुरू झाला. एकाने सुचवलं, थोडं पाणी परत टँकरमध्ये भरा. यावर वरच्या मजल्यावरच्या तीन जणी एकदम खाली आल्या आणि टाकीच्या झाकणावर उभ्या राहिल्या. दुसऱ्याने सुचवलं, कमान फोडा. चंद्रप्रकाशजींनी डावीकडच्या हत्तीवर हात ठेवला. कुंडलिकचा फोन पुन्हा वाजला. त्याने तो स्पीकरवर टाकून आम्हाला ऐकवला. पलीकडची नर्स शांतपणे विचारत होती, दादा, आणखी किती वेळ लागेल, इथे चार बायका आहेत.

आणि नेमक्या त्याच वेळी बाहेर व्याह्यांच्या गाड्या येऊन थांबल्या. बोरिवलीची मंडळी, नोकरदार, नीटनेटकी. मी मनाशी म्हटलं, लवू, संपलं. टँकर आणि खांबाच्या मधल्या फटीतून विहीणबाई अंग तिरकं करून आत आल्या. गंधालीताई त्यांचं नाव. अंगावर जांभळी पैठणी, हातात पेढ्यांचा डबा, शरीर भारदस्त. मी हात जोडून सगळं सांगितलं, बहुधा उलटसुलट. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि कुंडलिकला विचारलं, "म्हणजे याच्यावर वजन टाकलं तर हा खाली बसेल ना?"

तो म्हणाला, बसेल, पण वर बसून चालणार नाही, वर तर कमान आहे. मागे लटकावं लागेल.

विहीणबाईंनी पेढ्यांचा डबा माझ्या हातात दिला, पैठणीचा पदर कमरेला खोचला आणि मागच्या शिडीच्या खालच्या पायरीवर उभ्या राहिल्या. टँकर किंचित हलला. त्या म्हणाल्या, "आजवर डॉक्टर माझ्या वजनाबद्दल फक्त ओरडलेत. आज कामाला येऊ दे."

त्यानंतर जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. जावईबापू चढले, व्याही चढले. मागच्या दारातून सुलक्षणाताई चाळीतल्या बायकांना घेऊन आल्या, भिंतीवरच्या धिप्पाड बाईंना सगळ्यांनी मानाने वाट करून दिली. ज्यांना शिडी मिळाली नाही ते मागच्या बंपरवर, बाजूच्या पट्टीवर, एकमेकांच्या खांद्याला धरून उभे राहिले. सोसायटीतले, चाळीतले, बोरिवलीचे, कोण कोणाचं ते कळेना. शुभा तूप वाढायची वाटी हातात घेऊनच चढली. तरी थोडं कमी पडत होतं. तेव्हा जान्हवी खाली आली, नऊवारी नेसून, फुलं माळून, आणि देवव्रतरावांच्या शेजारी उभी राहिली. (त्यांनी तिचा हात धरला. अंगठीच्या आधी हात धरायचा नसतो वगैरे कोणी म्हटलं नाही.) चंद्रप्रकाशजी गुडघे टेकून कमानीखाली बघत होते. ते म्हणाले, "सुटली कडी. एक बोट जागा झाली. हळू."

कुंडलिकने गाडी इतकी हळू काढली की कमानीचा रंगसुद्धा गेला नाही. बाहेर रस्त्यावर आम्ही सगळे उतरलो, एकमेकांकडे बघितलं आणि पोट धरून हसलो. प्रसूतिगृहाला पाणी वेळेत पोहोचलं. कुंडलिकने संध्याकाळी मुद्दाम फोन करून कळवलं, त्यात एक मुलगी झाल्याचंही सांगितलं. साखरपुडा उशिरा झाला, पण पंगतीला चाळ, सोसायटी आणि व्याही एकत्र बसले. भात सुलक्षणाताईंच्या पाण्याचा होता. मी स्वतः वाढला आणि त्यांच्या पानापुढे आलो तेव्हा वाढता वाढता थांबलो. त्या म्हणाल्या, "वाढा हो, हात थांबवू नका."

मामा, इतकी वर्षं मी या शहराला नावं ठेवली. त्या दिवसापासून ठेवत नाही. निदान या महिन्यात तरी ठेवणार नाही. मागचं दार आता उघडंच असतं, त्याला नवीन कुलूप आणायला चंद्रप्रकाशजी सोयीस्कर विसरलेत. तुमचे आणि मामींचे आशीर्वाद पाठीशी होते, नाहीतर आमच्याने हे निभावलं नसतं.

लहानांना गोड पापा, मोठ्यांना नमस्कार, म्हशीलाही आमची आठवण सांगा.

तुमचा भाचा,
लवू

ता. क. : शेवटची पंगत हात धुवायला उठली आणि नळाला पाणी आलं. भरपूर आलं. म्हणजे साखरपुडा संध्याकाळी ठेवला असता तर टँकर लागलाच नसता, असं शुभा म्हणते, आणि दिवसातून दोनदा म्हणते. त्या रात्री सोसायटीच्या टाक्या भरल्यावर चंद्रप्रकाशजींनी मागच्या दारातून पाइप सोडून चाळीतली सगळी पिंपं भरून दिली. हे त्यांनी कोणाला सांगू नका म्हटलंय, म्हणून फक्त तुम्हालाच लिहितोय.

पुन्हा ता. क. : मूळ मुद्दा राहिला. टँकर सुटला त्या आनंदात मी रस्त्यावरच सगळ्यांना जाहीर आमंत्रण दिलं, की आमच्या धोंडूमामांकडे एकदा या आणि मनसोक्त आंघोळी करा. बोलायची रीत म्हणून बोललो. सगळ्यांनी ते मनावर घेतलं. येत्या शनिवारी मिनीबस निघते आहे. विहीणबाई, व्याही, चंद्रप्रकाशजी सहकुटुंब, भिंतीवरच्या बाई, सगळे येतायत. मामी, कृपा करून रागावू नका, स्वयंपाकाला आम्ही हात लावू. सुलक्षणाताई तेवढ्या नाही म्हणत होत्या. घर सोडलं तर पहाटेचं पाणी कोण भरणार, ही त्यांची अडचण. काल मी पुन्हा आग्रह केला, तर त्यांनी विचारलं, "तुमच्या मामांकडे पाणी किती वाजता येतं?" मी म्हटलं, ताई, तिथे विहीर आहे, पाणी येत नाही, ते असतं. त्यांनी शिवणाचं मशीन बंद केलं, त्यावर कापड घातलं आणि विचारलं, बस कुठून सुटणार आहे.