सोरखाला न सांगितलेलं

रोसदूव,
१२ जून १९९३

प्रिय सोरखा,

नाताळात तू पाठवलेलं कार्ड अजून चुलीवरच्या फळीवर तसंच उभं आहे. ‘सुखी राहा, सोरखा आणि फेस्टी.’ दरवर्षी एवढंच, आणि मीही तुला तेवढंच लिहिते. बावीस वर्षं आपण दोघींनी असल्या कार्डांवर काढली. तुला कारण ठाऊक नसेल, पण तुझ्या जिवाला ठाऊक असावं असं मला वाटत आलंय. म्हणून आज पत्र लिहायला बसले. हाताला सवय राहिली नाही, अक्षर वेडंवाकडं आलं तर चालवून घे.

आधी गावाचं सांगते, म्हणजे मलाही धीर येईल. तुझ्या माहेरचं घर एका जर्मन जोडप्यानं घेतलंय, भिंतींना निळा रंग दिलाय. माणसं बरी आहेत, पण दलदलीतून कापलेलं पीट काही जाळता येत नाही त्यांना. ओली ढेकळं चुलीत घालतात आणि डोळे पुसत बाहेर येऊन बसतात. परवा मीच जाऊन पेटवून दिली. त्या बाईनं मला केक दिला, तो इतका कडक होता की मी तो कोंबड्यांना घातला, आणि कोंबड्यांनीही माझ्याकडे रागानं पाहिलं. माझे गुडघे कुरकुरतात, तरी ऑगस्टातल्या पवित्र विहिरीच्या फेऱ्या मी चुकवलेल्या नाहीत. सात फेऱ्या, सूर्याच्या चालीनं, दर फेरीला एक खडा. आता तरुण पोरं येत नाहीत. आम्ही नऊ-दहा म्हाताऱ्या असतो, आणि कितवी फेरी चालली यावरून भांडतो.

त्याच विहिरीवर उना म्हातारीनं आपल्याला पकडलं होतं, आठवतं? बारा वर्षांच्या होतो आपण. तुझ्या ओंजळीतून मी पाणी पीत होते आणि माझ्या ओंजळीतून तू. वाटलं, आता शिव्या बसणार. पण ती काठी टेकून हसली आणि म्हणाली, ‘आता सुटका नाही पोरींनो. अनम कारा झालात तुम्ही एकमेकींच्या.’ जिवाची सखी, एवढं आपल्याला कळलं. पुढचं तिनं समजावलं. जगापासून लपवलेलं त्या एका सखीपाशी उघडं करायचं. तिच्यापासूनही लपवलंस तर तुझा जीव तुलाच परका होईल, म्हणाली. ती रविवारी चर्चला जायची आणि सोमवारी विहिरीला. देव एका छपराखाली मावत नाही, असं म्हणायची. त्या दिवशी घरी जाताना तू तिची नक्कल करत होतीस. मी हसले, पण मला भीती वाटली होती. माझ्यापाशी तेव्हा लपवण्यासारखं काहीच नव्हतं, तरी वाटली.

नंतरची सात वर्षं मी ते पाळलं. तूही पाळलंस. फेस्टी आवडतो हे तू आधी मला सांगितलंस आणि मग त्याला. मला नन व्हायला कॉन्व्हेंटात जायचं नाही हे माझ्या आईच्या आधी तुला माहीत होतं. तुझ्या लग्नात मी रडले, तेव्हा लोक म्हणाले, ही जशी नवरीची आईच. आणि दिवस गेले तेव्हा पावसात चालत तू आमच्या दारी आलीस, माझा हात घेऊन पोटावर ठेवलास.

आता अठ्ठावन्नचा मार्च. तो तुझ्यासाठी लिहायला माझा हात तयार नाही, पण लिहिते. फेस्टी हेरिंगच्या बोटीवर गेलेला. तुला सातवा सरत आलेला. दुपारी कळा सुरू झाल्या, नर्स पलीकडच्या गावात दुसऱ्या बाळंतपणाला अडकलेली. घरात तू, मी आणि तुझी सासू. रक्त थांबेना. तू शुद्धीत नव्हतीस. सासूनं बाळ टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, ‘पोर गेली. घेऊन जा इथून. मला हिला वाचवू दे.’ मी मागच्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिला कुंपणाबाहेरच्या किलीनमध्ये पुरायला नेलं, कारण बाप्तिस्म्याविना गेलेल्या लेकरांना दफनभूमीच्या कुंपणात जागा नाही, हे तेव्हा कुणाला सांगावं लागत नव्हतं. तुला एवढंच माहीत आहे. मेलेलीच जन्मली, आणि डर्व्हलानं नेलं.

तू कधी माझ्याकडे बोट दाखवलं नाहीस. दोघं इंग्लंडात लीड्सला गेलात, पण तू महिन्याला पत्र लिहायचीस. मुलगे झाले, त्यांच्या दातांपासून परीक्षांपर्यंत सगळं कळवायचीस. आणि एकाहत्तरच्या ऑगस्टात आलीस. फेऱ्या घालायला आपण बरोबर निघालो. चौथ्या फेरीनंतर तू थांबलीस. खडा हातातच होता. माझ्याकडे न बघता विचारलंस, ‘डर्व्हला, ती एकदा तरी रडली का गं?’

मी म्हटलं, ‘नाही गं. काहीच नाही.’

तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, तुझे पाय दुखत असतील, बस तू. उरलेल्या तीन फेऱ्या तू एकटीनं घातल्यास. त्यानंतर पत्रं थांबली, कार्डं सुरू झाली.

ती रडली होती, सोरखा. मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. मागच्या खोलीत टॉवेल हलला आणि मी पाहिलं तर तिनं तोंड उघडलं होतं. मी तुझ्या सासूला हाक मारली. आत ती तुझ्या जिवासाठी झगडत होती, तिला ऐकू गेलं नाही. दुसरी हाक मी मारली नाही. का नाही मारली, हे मी पस्तीस वर्षं स्वतःला विचारतेय. माझ्या डोक्यात एकच आलं, शाळेत शिकवलेलं: फादर जवळ नसतील तर कुणीही पाणी घालून बाप्तिस्मा द्यावा. बादलीतलं पाणी घेऊन मी तिच्या कपाळावर तीनदा घातलं आणि नाव दिलं. पाणी गार होतं. तिला छातीशी धरून बसले. वीस-पंचवीस मिनिटं ती होती. तुझे कान होते तिला, वरून किंचित दुमडलेले.

संध्याकाळी फादर आले. त्यांनी सासूला विचारलं, जिवंत होतं का? तिनं जे पाहिलं तेच सांगितलं, नाही. मग ते माझ्याकडे वळले. मी हो म्हटलं असतं तर आज ती दफनभूमीत तुझ्या आई-वडिलांशेजारी निजलेली असती. मी नकारार्थी मान हलवली. एकोणीस वर्षांची होते, भ्यायले होते, हे खरं. पण ते सबब म्हणून सांगत नाही. हो म्हटलं तर विचारतील, मग दुसरी हाक का नाही मारलीस? चुलीजवळ का नाही नेलंस? गार पाणी का घातलंस? मला वाटलं, मीच मारलं तिला. अजूनही कधी कधी वाटतं. ते तुझ्या तोंडून ऐकायला लागू नये म्हणून मी तुझ्या लेकीला कुंपणाबाहेर ठेवलं, आणि तुला सगळी वर्षं तिच्याबाबत अंधारात ठेवलं.

समुद्राकडच्या भिंतीपासून अकरा पावलं, काटेरी झाडाच्या पश्चिमेला. डोक्याशी पांढरी गारगोटी आहे. गवत मी वाढू दिलेलं नाही.

आता हे आत्ताच का लिहिलं ते सांगते. आपल्याकडे नवे फादर आलेत, टॉयबीन नावाचे, तरुण आहेत. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ते किलीनला आशीर्वाद देणार आहेत, सगळ्या लेकरांना, आणि एक दगड उभा करून ज्यांची नावं कळतील ती त्यावर कोरणार आहेत. काल वही घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, ‘तुम्ही तिथलं गवत काढता म्हणे. कुणाचं नाव माहीत आहे का?’ मी म्हटलं, ‘आठ दिवस द्या फादर. जिला आधी सांगायचं तिला अजून सांगितलेलं नाही.’ मी माफी मागत नाही. ती देण्याचं ओझंही तुझ्यावर नको. ये किंवा येऊ नकोस. आलीस आणि माझ्याशी बोलली नाहीस, तरी मी दुरून बघेन. पण नाव तुझ्या हक्काचं आहे. त्या घटकेला मला एकाही संताचं नाव आठवलं नाही. आतल्या खोलीत तू जगतेस की जातेस ते कळत नव्हतं, आणि मी तोंडानं सारखं तुझंच नाव घेत होते. तेच दिलं तिला. तुझ्या लेकीचं नाव सोरखा आहे. कोरायचं की नाही ते मला कळव, मी फादरना सांगेन.

अजून म्हणू देत असलीस तर तुझीच,
डर्व्हला