गोळीच्या दिवशी घरात कोणीतरी हवं

४ मार्च, सोमवार

निर्णय झाला. उद्या सकाळपासून गोळी सुरू.

डॉक्टरीणबाईंनी आज सगळे रिपोर्ट पुन्हा एकदा बघितले, म्हणजे मी पुन्हा एकदा दाखवले. हृदय ठीक, फुप्फुसं ठीक, मानेतली गाठ ही गाठच नाही, तिथे सगळ्यांनाच तसं लागतं म्हणे. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या की तुमच्या शरीराला काही झालेलं नाही, तुम्हाला आजारांची भीती बसलीय आणि तिच्या मागोमाग उदासी आलीय. दोन्हींवर ही एकच गोळी. सुरुवातीला रोज अर्धीच घ्यायची. मी त्यांना शांतपणे सांगितलं की मी एका नऊ मजली इमारतीचा सेफ्टी ऑफिसर आहे, माझ्या भरवशावर माणसं निर्धास्त खुर्चीत बसतात. याला भीती नाही, दक्षता म्हणतात. त्या हो का म्हणाल्या आणि गोळी लिहून दिली.

लागू पडायला तीन-चार आठवडे लागतात म्हणे. म्हणजे तशी घाई काहीच नाही. पण मी एकदा ठरवलं की ठरवलं.

संध्याकाळी हिला फोन करून बातमी दिली. ही गेल्या ऑगस्टपासून लेकीकडे आहे. बाळंतपणाला म्हणून गेली. ते कधीच आटपलं, नात आता बसायलाही लागली, पण लहान मुलाचं काही ना काही चालूच असतं. गोळीचं ऐकून ही म्हणाली, अहो, मग घ्या ना. मी म्हटलं, पहिल्या दिवशी तू इथे असावीस. ती म्हणाली, आधी तुम्ही सुरू करा, मग मी येते. मी म्हटलं, आधी तू ये, मग सुरू करतो. म्हणजे मुद्द्यावर आमचं एकमत आहे, फक्त क्रमाचा प्रश्न आहे.

५ मार्च, मंगळवार. सकाळी

गोळीच्या खोक्यातलं पत्रक वाचलं. मळमळ, घशाला कोरड, घाम, हातांना कंप, चक्कर, झोप न येणे, झोप फार येणे. झोपेच्या बाबतीत कंपनीचंच अजून नक्की नाही. अक्षर इतकं बारीक की शेवटच्या घडीपर्यंत पोचता पोचता डोळ्यांपुढे धूसर दिसायला लागलं. आणि 'दृष्टी धूसर होणे' नेमकं तिथेच छापलेलं. पाठोपाठ घसा कोरडा पडला, तळहातांना घाम.

गोळी अजून पाकिटातच आहे. पाकिटातून हे हाल, तर पोटात गेल्यावर काय करील!

६ मार्च

ऑफिसात मीटिंग. मीटिंगमध्ये चक्कर येणं बरं दिसत नाही. गोळी उद्या.

७ मार्च

कालच्या मीटिंगचा शीण. गोळी शनिवारी. शनिवार चांगला.

९ मार्च, शनिवार

गोळी घेतली नाही, पण का घेतली नाही हे आज मला स्वच्छ कळलं, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे.

आमच्या इमारतीची पाण्याची टाकी साफ करायला माणूस आत उतरतो, तेव्हा झाकणापाशी दुसरा माणूस उभा ठेवावाच लागतो. त्यानं काही करायचं नसतं. अधूनमधून आत वाकून हाक मारायची, आतून ओ आली की झालं. हा नियम मीच लिहिलाय आणि आजवर एकदाही मोडू दिलेला नाही. मग स्वतःच्या बाबतीत ढिलाई का? तेव्हा नियम: गोळीच्या दिवशी घरात कोणीतरी हवं.

हिला फोनवर टाकीचं उदाहरण पटवून दिलं. ही म्हणाली, वीस वर्षं झाकणापाशीच उभी होते मी. आणि नातीला भरवायचंय म्हणून फोन ठेवला. उदाहरण पटलेलं दिसतंय.

१० मार्च, रविवार

आज मॉक ड्रिल घेतली. खऱ्या आगीआधी खोटी आग, हे आमच्या धंद्याचं पहिलं तत्त्व. गोळीऐवजी पेपरमिंट. वेळ, पाणी, बसण्याची जागा, सगळं खऱ्यासारखं. बीपीचं मशीन डावीकडे, फोन उजवीकडे, दाराची कडी काढलेली.

पेपरमिंट विरघळायच्या आतच छातीत धडधड. मग मळमळ. मग डाव्या हाताची बोटं बधिर झाली. (नंतर लक्षात आलं की त्या हातावर मी बसलो होतो. पण बसावंसं का वाटलं?) बीपीचा पट्टा तीनदा लावला, प्रत्येक वेळी आकडा वर. चौथ्यांदा मशीननेच एरर दाखवली.

निष्कर्ष गंभीर आहे. साध्या पेपरमिंटने एवढं, तर गोळीने काय!

ही फोनवर म्हणाली, घेतली का? मी हो म्हटलं. ड्रिलच्या भाषेत घेतलीच. तर हिचा आवाज एकदम बदलला. म्हणाली, खरंच? शाब्बास हो. कितीतरी महिन्यांनी शाब्बास मिळाली. नातीच्या कानाला फोन लावला, ती काहीतरी ओली ओली बोलली. ही म्हणाली, तिकिटं बघते मी, पुढच्या आठवड्यात जमेल.

घर झाडून काढलं. हिची उशी उन्हात ठेवली.

११ मार्च, सोमवार

हिने विचारलं, आजची घेतली? मी म्हटलं, घेतली. (खरंच घेतली होती. दुसरं पेपरमिंट.) विचारलं, कडू असते का हो? मी बेसावध होतो. म्हटलं, छे, चांगली थंडगार लागते.

ही म्हणाली, थंडगार? आणि मग म्हणाली, तिकिटं नाही बघत मी.

उशी आत आणली.

१५ मार्च, शुक्रवार

ऑफिसात फायर ड्रिल. भोंगा वाजवून मी घड्याळ लावलं आणि पार्किंगमधल्या जमायच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. कोणी आलं नाही. म्हणजे वॉचमन आला, कारण तो तिथेच असतो. आणि एक कुरिअरवाला जिना उतरून धावत आला, तो या इमारतीत पहिल्यांदाच आला होता. घाबरून त्यानं पार्सल मलाच दिलं आणि सही घेतली.

मॅनेजरसाहेब वर खिडकीत चहा पीत उभे होते. नंतर म्हणाले, तुम्ही दर आठवड्याला वाजवता हो, लोकांना आता तो ऐकूच येत नाही. लोक किती बेफिकीर असतात! त्यात माझा काय दोष?

अहवालात लिहिलं: प्रतिसाद समाधानकारक, सुधारणेस वाव.

१७ मार्च, रविवार

निरीक्षक मिळाला! समोरच्या फ्लॅटमधले आजोबा. एकटेच राहतात, वय ऐंशीच्या पुढे, पण कान शाबूत. काल जिन्यात गाठून विचारलं, उद्या माझ्याकडे थोडा वेळ बसाल का? कशाला तेही न विचारता हो म्हणाले.

आज बरोबर दहाला हजर. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, हातात बिस्किटांचा पुडा. बसल्या बसल्या त्यांच्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनपासून सुरुवात केली. मी मधे मधे गोळीचा विषय काढायला बघत होतो, पण ते अजून भुलीपर्यंतही पोचले नव्हते. जेवायच्या वेळेला टाके निघाले. मी टोस्ट आणि अंडी केली. ते म्हणाले, दोघांत जेवायची सवयच गेली हो. मग सोफ्यावरच झोपले, तोंड उघडं टाकून.

मी त्यांचा श्वास बघत बसलो. मधे मधे लांबत होता. अशा वेळी मी गोळी घेऊन आडवा पडलो आणि आजोबांना काही झालं तर? दोघांपैकी एकजण शुद्धीवर हवाच. गोळी रद्द केली.

जाताना म्हणाले, पुढच्या रविवारी येऊ का? मी म्हटलं, बघू, कळवतो. का असं म्हटलं कोण जाणे. दार लावल्यावर घर फार मोठं वाटलं.

२१ मार्च, गुरुवार

ही कल्पना आधी कशी सुचली नाही! जिथे सगळे डॉक्टर चोवीस तास हजर असतात तिथेच जाऊन गोळी घ्यायची. रजा टाकून मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेलो आणि बाकावर बसलो. खिशात अर्धी गोळी, बाटलीत पाणी.

समोर एक मुलगा पाय मोडून बसला होता, त्याच्याबरोबर चौघं. एका म्हाताऱ्या बाईंच्या पाठीवर त्यांची सून हात फिरवत होती. एका गृहस्थांना ठसका लागला तर तीन जणांनी पाणी पुढे केलं. नर्स माझ्यापाशी आली आणि म्हणाली, सोबत कोण आहे? मी म्हटलं, येतेय. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, पार्किंग मिळत नसेल.

तिसऱ्यांदा ती येताना दिसली तेव्हा उठून निघालो. बाकांवरची जागा खऱ्या पेशंटांना लागते. शिवाय तिथे जंतू फार.

गोळी घेतली नाही. बसमध्ये खिडकीपाशी बसून खिशातल्या गोळीला उगाच हात लावत राहिलो.

२४ मार्च, रविवार

खिशात चुरा झाल्यामुळे ती अर्धी गोळी बाद. आज नवी कापायला घेतली. मधोमध रेघ असते, पण सुरी रेघेचं ऐकत नाही. एक अर्धी मोठी झाली, एक अर्धी छोटी. छोटी घ्यावी असं ठरतंय तोवर तीच टणकन उडाली आणि फ्रिजखाली गेली. मोठी अर्धी म्हणजे अर्धीपेक्षा जास्त. पहिल्याच दिवशी ओव्हरडोस नको. रद्द.

दुपारी लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, रागावू नका, पण आईची झोप सुधारलीय. तिला रात्री उठवून कोणी मानेवर हात ठेवून बघ म्हणत नाही, तीळ वाढलाय का म्हणून टॉर्च धरायला लावत नाही. तुम्ही वाईट नाही हो बाबा, पण ती दमलीय. मी विचारलं, मग हिनं मला तसं सांगितलं का नाही? लेक म्हणाली, सांगितलं बाबा. खूप वेळा. तुम्ही तेव्हा नाडी बघत होतात.

मी म्हटलं, हवा बदलली की झोप सुधारतेच. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आजोबांचं दार वाजवून बघितलं, पण कुलूप होतं. मुलानं नेलंय म्हणे, आता तिकडेच राहणार.

१ एप्रिल, सोमवार

गंभीर लक्षण. सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये शेजारच्यानं कितवा मजला विचारलं, तर माझा आवाजच फुटेना. नुसती हवा. दिवसभर स्वरयंत्र चाचपत होतो. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि म्हणाले, आवाज उत्तम आहे, शेवटचं कधी बोलला होतात? आठवायला लागलो. शुक्रवारी, दुपारी, वॉचमनशी.

यावर काही औषध आहे का असं विचारलं. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

७ एप्रिल, रविवार. दुपारी

घेतली.

ठरवून नाही. फ्रिजखाली पडलेल्या अर्ध्या गोळीला मुंग्या लागतील, त्या मुंग्यांचं काय होईल, या विचारानं फ्रिज पुढे ओढला. गोळी मिळाली नाही. धुळीत हिची केसांची क्लिप मिळाली. जायच्या आधी ही दोन दिवस ती शोधत होती. मी तेव्हा जिभेचा रंग आरशात बघत होतो, आणि आरशासमोरून हल म्हणून हिच्यावर ओरडलो होतो. क्लिप धुतली, पुसली, आणि तिथेच जमिनीवर बसून राहिलो. भीती वाटली, पण रोजची नाही. गोळी न घेताही माणूस असाच एकटा संपतो, अशी काहीतरी.

मग उठलो आणि पाकिटातली नवी गोळी हातानंच मोडली. ती रेघेवर नीट मोडली. अर्धी गिळली. कडू होती. थंडगार वगैरे काही नाही.

दार उघडं ठेवून त्यात बूट अडकवला, म्हणजे कोणाला आत यायला सोपं जावं. खुर्चीत बसलो. फोन उजवीकडे.

संध्याकाळी

धडधड नाही. मळमळ नाही. बीपी दोनदा बघितलं, दोन्ही वेळा उत्तम. पत्रक काढून एकेक लक्षण विचारून बघितलं, एकही लागू नाही. मधे हाताला जरा मुंग्या आल्यासारखं वाटलं आणि मला बरं वाटलं, निदान सांगायला काहीतरी झालं. पण तेही गेलं. जिन्यातून दोघंतिघं वर गेले. एकानं दारातल्या बुटाकडे बघितलं आणि तसाच वर गेला.

हिला फोन केला. म्हटलं, घेतली. ही म्हणाली, बरं. म्हटलं, खरी घेतली, अगं, कडू होती. ही म्हणाली, मग काय झालं? म्हटलं, काही नाही. ही म्हणाली, काहीच नाही? तुम्हाला? आणि हसली. रागानं नाही, थकून हसली. आता मी शपथ कशाची घेणार? चक्कर आली असती तर तीच साक्षीला ठेवली असती.

मग म्हणाली, हे बघा, घ्या. रोज घ्या. पण मला सांगू नका. लागू पडली की मला आपोआप कळेल. क्लिप सापडल्याचं सांगायचं होतं, पण नात रडायला लागली आणि हिनं फोन ठेवला.

बूट काढला. दार लावलं, कडी घातली.

९ मार्चचा नियम तपासून पाहिला. चुकीचा निघाला. घरात कोणी नसलं तरी काही होत नाही.